जुन्या सैनिकी ट्रकच्या हौद्यात हीटर बसवताना: नवख्यांसाठी क्रमवार माहिती

हौद्याचा हीटर ही सगळ्यात शेवटी विकत घ्यायची वस्तू आहे. आधी वारा अडवायचा, मग ऊब धरून ठेवायची, आणि मगच ऊब तयार करायच्या मागे लागायचं. बहुतेक नवे ट्रकमालक हा क्रम उलटा लावतात. मोठा हीटर आणतात, फडफडणाऱ्या ताडपत्रीखाली बसवतात, आणि सगळी ऊब फाळक्यावरून, म्हणजे हौद्याच्या मागच्या दारावरून, बाहेर निघून जाते. मागे बसलेल्यांचे पाय गारठलेलेच राहतात.

हा लेख अमेरिकी एम३५, ब्रिटिश बेडफोर्ड, जर्मन युनिमॉग ४०४ अशा ताडपत्रीच्या, उघड्या हौद्याच्या ट्रकांसाठी आहे. हौद्यात माणसं बसणार किंवा झोपणार हे गृहीत धरलंय. एक गोष्ट आधीच तपासा: चालत्या ट्रकच्या हौद्यात प्रवासी बसवायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे का? अनेक ठिकाणी नसते, किंवा ठरावीक आसनं आणि पट्टे असतील तरच असते. परवानगी नसेल, तर हीटर फक्त मुक्कामासाठी लागणार. मग त्याची ताकद आणि जागा दोन्ही बदलतात.

आधी हौदा, मग हीटर

भर दुपारी ताडपत्री पूर्ण बांधून, पुढचा आणि मागचा पडदा लावून आत उभे राहा. जिथून उजेड दिसेल तिथून वारा येणार. साधारण सगळ्याच ट्रकांत त्याच जागा सापडतात: ताडपत्री आणि बाजूच्या फळीमधली फट, फाळक्याच्या बिजागऱ्या, हौद्याच्या पुढच्या भिंतीचा वरचा काठ, आणि मागच्या पडद्याचे दोन्ही खालचे कोपरे. फटींना रबरी पट्ट्या लावा. ताडपत्रीचा खालचा काठ फळीच्या बाहेरून खाली यायला हवा, दोरी ताणलेली हवी. एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

आता थोडा हिशेब. एम३५चा हौदा सुमारे १२ फूट लांब आणि सात फुटांहून थोडा जास्त रुंद असतो. आतली उंची पाच फूट धरली, तर सगळ्या बाजू, छत आणि तळ मिळून साधारण ३४ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. बाहेर उणे १० आणि आत १५ अंश हवे असतील, तर एकेरी ताडपत्री आणि उघड्या पत्र्यातूनच पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता निघून जाते. गाडी चालू असताना फटींतून येणाऱ्या थंड हवेचे आणखी दोन. म्हणजे सात किलोवॅट जाळून कशीबशी ऊब. त्याच हौद्याला आतून अस्तर लावलं, तळावर फोम आणि प्लायवुड टाकलं, फटी बुजवल्या, की गरज सव्वादोन किलोवॅटच्या आसपास येते. हे आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण खरं आहे. आत सहा माणसं असतील तर तीही बसल्या बसल्या प्रत्येकी शंभरेक वॅट उष्णता देतात. ती फुकटची ऊब अस्तर नसेल तर टिकत नाही.

अस्तरासाठी कमानींच्या आतून दुसरं कापड सोडा, ताडपत्री आणि त्या कापडामध्ये दोन-तीन इंच हवा राहू द्या. कापड आगरोधक प्रक्रिया केलेलंच घ्या. घरातल्या जुन्या रजया इथे लावू नका, त्या भराभर पेटतात. तळासाठी पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम आणि वर प्लायवुड. पाय गार राहिले तर हवा कितीही गरम असली तरी माणूस कुडकुडतच राहतो, म्हणून तळावर केलेला खर्च मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो.

कोणता हीटर

पर्याय तीनच आहेत, आणि त्यांशिवाय एक मुळीच वापरायचा नाही असा आहे.

तो आधी सांगतो. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला कोणताही हीटर, म्हणजे गॅसची जाळी, रॉकेलचा स्टोव्ह, कोळशाची शेगडी, बंद ताडपत्रीखाली नको. थोडा वेळसुद्धा नको. जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि थंडीत गाडीत झोप येण्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. याच कारणामुळे तो इतका जीवघेणा आहे.

वापरण्याजोगा पहिला पर्याय म्हणजे इंजिनाच्या कुलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावर) चालणारा हीटर: केबिनमागून दोन नळ्या हौद्यात आणायच्या, तिथे छोटा रेडिएटर आणि पंखा. आत काहीच जळत नाही, इंधन वेगळं लागत नाही. पण इंजिन बंद झालं की ऊब संपते, आणि जुनं मोठं डिझेल इंजिन नुसतं आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) ठेवलं तर कडाक्याच्या थंडीत त्याचंच पाणी नीट तापत नाही. नळ्यांना फोमचं आवरण आणि दोन्ही टोकांना बंद करायचे वाल्व्ह हवेत, म्हणजे हौद्यातली नळी फुटली तरी इंजिनाचं पाणी वाचेल.

दुसरा पर्याय म्हणजे आजकालचा डिझेलवर चालणारा हवेचा हीटर. एबरश्पेकर, वेबास्टो आणि त्याच धर्तीवरचे असंख्य स्वस्त हीटर या गटातले. यात हवेचे दोन पूर्ण वेगळे मार्ग असतात: एकातून बाहेरची हवा जाळायला येते आणि धूर होऊन बाहेरच जाते, दुसऱ्यातून हौद्यातली हवा धातूच्या गरम कवचावरून फिरून परत येते. दोन्ही कधीच मिसळत नाहीत, निदान मिसळायला नकोत. बहुतेकांसाठी हाच योग्य पर्याय आहे आणि पुढचं सगळं यालाच धरून आहे.

ताकदीच्या आकड्याबाबत सावध राहा. स्वस्त हीटरवर ‘८ किलोवॅट’ छापलेलं असतं. डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि हीटर त्यातला साधारण ८० टक्के भाग हवेला देतो. म्हणजे खरे ८ किलोवॅट हवे असतील तर तासाला एक लिटर डिझेल जळलंच पाहिजे. माहितीपत्रकात कमाल खप अर्धा लिटर लिहिला असेल, तर तो हीटर ४ किलोवॅटचा आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. अस्तर लावलेल्या हौद्याला खरे ४ किलोवॅट भरपूर होतात.

तिसरा पर्याय ट्रकबरोबरच आलेला असू शकतो: सैन्याने अतिथंड प्रदेशासाठी बसवलेला मूळचा इंधनावरचा हीटर. त्याची ताकद बीटीयूमध्ये, म्हणजे उष्णता मोजायच्या जुन्या ब्रिटिश एककात, लिहिलेली असते. ताशी ३,४१२ बीटीयू म्हणजे एक किलोवॅट. ६०,००० चा आकडा दिसला तर ते साडेसतरा किलोवॅट होतात. उघड्या ताडपत्रीतून सगळी ऊब वाया जाणार हे धरूनच तो बनवलेला होता. मूळ सामान जपायची ओढ मला पूर्ण समजते, मलाही ती आहे. पण या हीटरचं आतलं कवच कित्येक दशकं जुनं असतं, आणि त्याला गंजून सुईएवढं भोक पडलं तरी धूर थेट माणसांच्या हवेत येतो. जुन्या गॅस्केटमध्ये आणि नळीवरच्या गुंडाळणीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं घासू नका, फाडू नका. कवचाची दाबाची चाचणी जाणकाराकडून करून घेतली नसेल तर तो प्रदर्शनापुरता जागेवर राहू द्या आणि त्याची इंधनाची नळी काढून ठेवा.

वीज: इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो

आधी गाडी किती व्होल्टची ते बघा. एम३५ आणि बहुतेक नाटो ट्रक २४ व्होल्टचे, रशियन गाझ-६६ १२ व्होल्टचा, आणि दुसऱ्या महायुद्धातला जीएमसी सीसीकेडब्ल्यू ६ व्होल्टचा.

२४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. बाजारात १२ व्होल्टचे हीटर मुबलक मिळतात, त्यामुळे दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार घ्यायचा मोह होतो. असं अजिबात करू नका. अल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करतो. एकीवरून सतत वीज काढली की ती कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. एका हिवाळ्यात दोन्ही निकामी होतात. एक तर २४ व्होल्टचाच हीटर घ्या, नाहीतर मध्ये २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. कन्व्हर्टरची ताकद सुरुवातीच्या ओढीप्रमाणे निवडा: ग्लो पिन (हीटरमधलं इंधन पेटवणारी कांडी) तापताना १२ व्होल्टचा हीटर १० अँपिअरच्या आसपास ओढतो. एकदा पेट घेतल्यावर ही ओढ अगदी थोडी उरते.

तार थेट बॅटरीपासून, बॅटरीजवळच फ्यूज टाकून आणा. जाण्यायेण्याची मिळून लांबी ५ मीटरपर्यंत असेल तर ४ चौरस मिलिमीटरची, ८ मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तार घ्या. बारीक तारेवर व्होल्टेज पडतं, ग्लो पिन नीट तापत नाही, आणि माणसं हीटरलाच नावं ठेवत बसतात.

गाडीच्या मुख्य स्विचमधून हीटरची तार नेऊ नका. हीटर बंद केल्यावर त्याचा पंखा काही मिनिटं चालत राहतो, आतलं कवच थंड करतो आणि उरलेला धूर बाहेर ढकलतो. तेवढ्यात कुणी मुख्य स्विच पाडला, तर आतल्या उष्णतेने सेन्सर आणि प्लॅस्टिकचे भाग जळतात. ड्रायव्हरच्या समोर ठळक अक्षरांत सूचना लावा.

रात्रभर मुक्काम असेल तर बॅटरीचा अंदाज घ्या. उणे १८ अंशांच्या आसपास लेड-अॅसिड बॅटरी आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे सात अंशांच्या आसपास गोठायला लागतं आणि कवच फुटतं. हीटरसाठी वेगळी बॅटरी ठेवणं उत्तम.

जागा आणि धुराची नळी

हीटर हौद्याच्या आत, पुढच्या भिंतीला लागून, बाकाखाली बसवणं मला सगळ्यात बरं वाटतं. खाली चेसिसला पेटीत बसवला तर आतली जागा वाचते, पण चिखल आणि पाणी लागतं. एम३५ खास सामग्रीशिवाय ३० इंच पाण्यातून जाऊ शकतो. तुम्ही तो तसा चालवणार असाल तर चेसिसखालचा हीटर पहिल्याच ओढ्यात भिजेल.

हीटरच्या पोटाखालून दोन नळ्या आणि इंधनाची बारीक नळी निघते. तळाला भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा: आडवे बीम, ब्रेकच्या नळ्या, तारा, प्रॉपेलर शाफ्ट. भोक पाडून काठ कानशीने घासा, रंग लावा, मग हीटरची पोलादी पट्टी आणि त्याचं गॅस्केट घट्ट आवळा. ही पट्टी सपाट बसली पाहिजे. सैनिकी हौद्याच्या पत्र्याला बहुधा उंचवटे असतात. त्यावर पट्टी आवळली तर हीटरचं अंगच वाकतं, आतला पंखा घासायला लागतो आणि गॅस्केटखालून फट राहते. उंचवटा असेल तर खाली जाड सपाट पत्रा जोडून घ्या.

धुराच्या नळीसाठी वेळ काढा. जीव हिच्यावर अवलंबून आहे.

नळी स्टेनलेस स्टीलची, हीटरबरोबर आलेल्या मापाची, आणि पूर्ण लांबीभर खाली उतरत गेलेली असावी. कुठे झोळ राहणारच असेल तर त्या सर्वांत खालच्या बिंदूला बारीक छिद्र ठेवा, नाहीतर धुरातलं पाणी तिथे साठून गोठतं आणि सकाळी हीटर पेटत नाही. लांबी साधारण दोन मीटरच्या आत, वळणं कमी. जोड फक्त हौद्याच्या बाहेर. आत एकही जोड नको. नळीचं टोक हौद्याच्या काठाबाहेर, बाजूला आणि किंचित खाली वळलेलं हवं. हौद्याखाली मधोमध सोडलं तर धूर तळाच्या फटींतून वर येतो. पुढे तोंड करून सोडलं तर वारा ज्वाला विझवतो. आणि मागे, फाळक्याजवळ तर कधीच नको. चालत्या ट्रकच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर मागच्या पडद्यातून उलटा आत ओढला जातो. इंजिनाच्या सायलेन्सरलाही हाच नियम लागू आहे. तो गळका असेल किंवा मागे हौद्याखाली सुटत असेल तर हीटरच्या आधी त्याचं काम करा.

नळी शेकडो अंशांपर्यंत तापते. इंधनाची टाकी, ब्रेकच्या रबरी नळ्या, तारा आणि ताडपत्रीचे लोंबते काठ यांपासून ती दूर ठेवा, जिथे हात लागू शकतो तिथे उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. जाळायची हवा घेणारी दुसरी नळीही बाहेरच, पण धुराच्या टोकापासून लांब.

इंधन

हीटरला स्वतःची छोटी, धातूची टाकी द्या. एम३५ए२च्या मल्टिफ्यूएल इंजिनाला डिझेल, रॉकेल, गरज पडली तर पेट्रोलही चालतं, आणि त्यामुळे त्यांच्या टाकीत जुनं गाळलेलं इंजिन ऑइल मिसळायची अनेकांना सवय असते. इंजिन ते पचवतं, हीटर पचवत नाही. ऑइलने ग्लो पिनभोवतीची जाळी काजळीने भरते, आणि पेट्रोलने आग लागू शकते. युनिमॉग ४०४ तर पेट्रोलवरच चालतो, तिथे वेगळ्या टाकीला पर्यायच नाही.

डिझेल हिवाळी प्रतीचं असावं. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन सगळ्यात आधी याच बारीक नळीत आणि फिल्टरमध्ये अडकतं. बऱ्याच हीटरना रॉकेल चालतं, पण तुमच्या हीटरच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तरच वापरा.

पंप टाकीजवळ, रबरावर टांगलेला, आणि बाहेरचं तोंड वर करून तिरका बसवा. सपाट पंपात हवेचे बुडबुडे अडकतात. नळी आतून दोन मिलिमीटरएवढी बारीक आणि कडक नायलॉनची घ्या. काही हीटरबरोबर येणारी मऊ हिरवी नळी फुगते आणि मिळणारं इंधन कमी-जास्त होतं. दोन नळ्या जोडताना रबरी तुकड्याच्या आत त्यांची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत. मध्ये पोकळी राहिली की तिथे बुडबुडा साठतो, सुटतो, ज्वाला दचकते, आणि हीटर मधूनच पांढरा धूर टाकून बंद पडतो. टोक कात्रीने कापू नका, चेपतं. धारदार पात्याने सरळ कापा.

गरम हवा कुठे सोडायची

तळालगत, बाकांखालून. गरम हवा आपोआप वर जाते, तिला खाली पोचवणं हेच काम आहे. चार किलोवॅटच्या हीटरला साधारण ९० मिलिमीटरची नळी लागते, छोट्याला ७५. तोंडासमोर फूटभर तरी कापड, सामान, झोपायची पिशवी येऊ नये, जाळी लावा.

हौद्यातलीच हवा परत तापवली तर ऊब लवकर येते, पण श्वासातला ओलावा ताडपत्रीच्या आत थिजून बर्फ होतो आणि मग अंगावर ठिबकतो. म्हणून थोडी बाहेरची हवा आत घ्या, धुराच्या टोकापासून लांबच्या, शक्यतो पुढच्या बाजूने. त्याचा आणखी एक फायदा असा, की आत किंचित जास्त दाब राहतो आणि बाहेरचा धूर आत शिरायला धजत नाही.

अलार्म आणि पहिली चाचणी

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय हौद्यात कुणालाही बसवू नका. घरगुती अलार्म शून्याखाली चालेलच असं नाही. पाठीवर किमान तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. युरोपी मानक ईएन ५०२९१ च्या दुसऱ्या भागाखालचे अलार्म खास गाड्या आणि बोटींसाठी असतात. आकडा दाखवणारी स्क्रीन असलेलाच घ्या, कारण या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) अलार्म वाजायला तासाहून जास्त आणि १०० पीपीएमला दहा ते चाळीस मिनिटं लागू शकतात. स्क्रीन असेल तर त्याआधीच कळतं. अलार्म बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर लावा, एक पुढे, एक मागच्या पडद्याजवळ.

पहिल्यांदा हीटर पेटवताना ट्रक मोकळ्यावर, पडदे उघडे. इंधन पोचेपर्यंत एक-दोनदा सुरुवात फसते, थोडा पांढरा धूर येतो, ते चालतं. मग अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवा, नव्या भागांचा वास जाऊ द्या, सगळे जोड पुन्हा आवळा. यानंतर पडदे बंद करून, आत कुणी न बसता, अलार्मचा आकडा बघा. शून्य राहिला तर चालत्या गाडीची चाचणी: सर्वाधिक आकडा साठवून ठेवणारा अलार्म मागे ठेवून आयडलवर, हळू आणि वेगात चालवा, पडदा एकदा बंद, एकदा अर्धवट उघडा. आकडा वर गेला तर कारण सापडेपर्यंत हौदा रिकामाच ठेवा.

मागचा पडदा आतून, हातमोजे घातलेल्या हाताने, अंधारात उघडता आला पाहिजे. आगविझवणी फाळक्याजवळ ठेवा, हीटरच्या मागे नको. आणि हौद्यातून ड्रायव्हरला खूण करायला एक बझर हवाच. इंजिनाच्या आवाजात आरडाओरडा ऐकू जात नाही.

रोजच्या वापरात

डिझेल भरण्याआधी हीटर बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत थांबा. गॅरेजमध्ये, शेडमध्ये तो पेटवू नका. मुक्कामाच्या वेळी धुराचं टोक बर्फात किंवा गवतात गेलेलं नाही ना, हे झोपण्याआधी उतरून बघा. रात्री बर्फ पडत असेल तर मध्येही बघा. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असल्याने इंधन जास्त पडतं आणि काजळी धरते. १,५०० मीटरच्या वर जास्त काळ राहणार असाल तर उंचीनुसार इंधन कमी करणारा हीटर निवडा.

तासन्‌तास मंद आचेवर चालवल्यानेही काजळी धरते. म्हणून बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा, आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा तेवढा वेळ पेटवा, म्हणजे पंप आणि नळीतलं डिझेल चिकटून बसणार नाही. सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला तर आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा, मग ग्लो पिनभोवतीची जाळी काढून बघा. ती काळी पडून बुजलेली असेल तर साफ करत बसू नका, नवीच टाका, स्वस्त असते. ती काढली की धुराच्या नळीचे क्लॅम्प आणि तळाचं गॅस्केटही त्याच वेळी तपासून घ्या.